राउटर बंद-चालू केल्यापासून घरच्याच वाय-फायवर लॅपटॉपवरून डेस्कटॉप चालवण्यासाठीचे विंडोजचे रिमोट डेस्कटॉप का जोडले जात नाही?

बहुधा राउटरने आपल्या डेस्कटॉपला नवा आयपी पत्ता दिला असून लॅपटॉप त्याला अजून जुन्याच पत्त्यावर शोधत आहे. घरगुती राउटर हे पत्ते डीएचसीपी पद्धतीने ठरावीक मुदतीसाठी वाटतो, त्यामुळे काल १९२.१६८.१.५ वर असलेला संगणक आज १९२.१६८.१.८ वर असू शकतो. डेस्कटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा चालवून ‘आयपीव्ही४’ (IPv4) पुढचा पत्ता पाहावा, लॅपटॉपवर तोच टाकावा आणि जोडणी झाली की राउटरच्या डीएचसीपी विभागात तो त्या संगणकासाठी राखून ठेवावा. हे शेवटचे काम कंटाळा न करता कराच, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा हीच अडचण येऊ शकते. पत्ता बदललेलाच नसेल, तर मात्र डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला आहे का, किंवा दोहोंपैकी एक यंत्र गेस्ट वाय-फायवर आहे का, हे तपासावे, कारण गेस्ट जाळे बहुधा मुख्य जाळ्यापासून वेगळे ठेवलेले असते. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट (जोडणीचा क्रमांकित मार्ग) इंटरनेटसाठी कृपया उघडू नये; घरातल्या घरात जोडण्यासाठी त्याची गरजच नसते.