खंडोबा शंकराचा अवतार आहे, तर त्याला बोकडाचा नैवेद्य कसा चालतो?

तुमचा हाच प्रश्न आमच्या थोरल्या काकांनी चुलतभावाच्या लग्नानंतरच्या जागरणात भर मांडवात विचारला होता, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

काका निवृत्त प्राध्यापक, पुण्यात स्थायिक, गावी वर्षाकाठी एकदा येणारे. वाघ्यांनी दिमडी आणि तुणतुणे जुळवून घेतले होते, पाच जणांनी तळी उचलली होती, आणि ‘सदानंदाचा येळकोट’ हा गजर थांबतो न थांबतो तोच त्यांनी जाहीर केले की यापुढे आपल्या घरात बोकड पडणार नाही, कारण शंकराच्या नावावर चाललेला हा अडाणीपणा आहे. आजीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे आधी टाकांना, म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवांच्या धातूच्या प्रतिमांना, पुरणाचा नैवेद्य दाखवला, मग देव्हाऱ्यावर धुतलेले लुगडे ओढले आणि त्यानंतरच भाकरी व कलेजीचा तुकडा ठेवलेली पत्रावळ उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. “देवाला चालते, तर पडदा कशाला?” असे काकांनी विचारताच सगळे हसले आणि आजी गप्प बसली. ते हसणे मला आजही खटकते.

वास्तविक ती पत्रावळ खंडोबाची नव्हतीच. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या कथेत मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो, आणि देवाच्या प्रत्येक ठाण्यात मला जागा मिळावी व बोकडाचा नैवेद्य मिळावा असा वर मागतो. देव तो वर देतो. मल्ल मात्र शेवटपर्यंत माणसांचेच मांस मागतो, म्हणून त्याचे शिर पायरीशी पडते आणि भक्तांच्या पायाखाली येते. म्हणजे पुरण देवाचे आणि बोकड मणीचा, हा हिशेब आजी न बोलता चोख पाळत होती, आणि पुराणांचे दाखले देणाऱ्या काकांना तो ठाऊक नव्हता.

शिवाय ज्याची एक राणी नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक म्हाळसा आणि दुसरी चंदनपुरीची धनगरीण बाणाई, त्याच्या दारी एकच स्वयंपाक चालावा हा आग्रहच मला पोरकट वाटतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा खाणारा देवही हाच आहे.

अर्थात काही घरांत बोकड थेट खंडोबाच्याच नावाने देतात, आणि देशस्थ व लिंगायत घरांत तो मुळीच नसतो. त्यांचा कुळाचारही तितकाच खरा आहे. तुम्हाला स्वतःला बोकड नको असेल तर खुशाल सोडा. मात्र तो निर्णय घरचे देव रोज पुजणाऱ्या बाईला विचारून घ्या, आणि शंकराचे नाव पुढे करू नका. आमच्या काकांना हे कोणी तोंडावर सांगितले नाही. ते आता हे उत्तर वाचतील अशी मला आशा आहे.