ब्लेंडेड कोर्स (थोडं घरी ऑनलाइन, थोडं वर्गात) पहिल्यांदाच बनवताय तर

सर, पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ रेकॉर्ड करायला बसू नका. आधी कोर्स संपल्यावर पोरांना नेमकं काय जमलं पाहिजे ते लिहा, ते तपासणार कसं ते ठरवा, मग घरी काय नि वर्गात काय याची वाटणी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या मसुद्यात कोर्सचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन म्हटलंय, पण तेवढं भरायचंच असं काही नाही.

मी सुरुवातीला तासतासभराची लेक्चरं टाकली, कुणीच पूर्ण बघितली नाहीत. आपली पोरं खेड्यातून एसटीनं येणारी, घरात मोबाईल एकच अन् तोही वडिलांसोबत शेतात, लाईटचा तर नेमच नाही. आता सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ, सोबत पीडीएफ, कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून नेता येईल असं, आणि मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर) तीन-चार प्रश्न. त्या उत्तरांत जिथं गडबड दिसते तिथूनच दुसऱ्या दिवशीचा तास सुरू करायचा, हे लई महत्त्वाचं आहे बघा, कारण घरी बघितलेलंच परत फळ्यावर शिकवलं की पोरं घरी बघणं सोडूनच देतात.

या सेमिस्टरला एकच युनिट करा, कुठं अडलं ते पोरांना विचारा, मग पुढचं.