लघुग्रह ढकलायचाय? मग आधी दगड कसा फुटतो ते शिकावं लागेल

ताई, मेहकरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, लोणार बघून आल्यापासून म्हणतेय की लघुग्रह पृथ्वीवर आदळू नयेत यावर काम करणार, आणि घरचे म्हणतायत हे खूळ सोड, कॉम्प्युटर घे. अहो, खूळ अजिबात नाहीये हे.

सप्टेंबर 2022 मध्ये नासाने डार्ट नावाचं यान सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती 11 तास 55 मिनिटांत एक फेरी मारायचा, त्यात 73 सेकंदांचा फरक पडला तरी मिशन पास धरणार होते आणि पडला तब्बल अर्ध्या तासाच्या वर! कारण यानाच्या धक्क्यापेक्षा तिथून उडालेल्या दगडमातीचा उलटा रेटा जास्त होता. आता किती माल उडणार हे लघुग्रह आतून भुसभुशीत आहे की टणक यावर ठरतं, म्हणजे प्रश्न येऊन थांबतो मटेरियल्सवर, म्हणजे कुठला पदार्थ कसा वागतो, कसा फुटतो यावर, आणि बहुतेक मुलांना हे माहीतच नसतं, ती नुसती इस्रो इस्रो करत बसतात.

म्हणून इंजिनिअरिंगची ब्रँच घेताना मेटलर्जी (धातुशास्त्र)-मटेरियल्स नाहीतर मेकॅनिकल बघा. तुम्हाला नागपूरचं व्हीएनआयटी जवळ पडेल, पुण्यात सीओईपी आहे, आयआयटी मुंबईत तर मटेरियल्सचा मोठा विभाग आहे. फिजिक्स आवडत असेल तर आयसर पुणे ही विज्ञानाची संस्था. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला के. टी. रमेश म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांचंही शिक्षण बंगळुरूला मेकॅनिकलमध्येच झालं आणि पुढे ते जोरदार आघाताने वस्तू कशा फुटतात याच अभ्यासात गेले.

रोजचं काम कसं असतं तेही तिला सांगा. गॅस गन नावाची लांबलचक नळी असते, त्यातून छोटीशी गोळी दगडाच्या तुकड्यावर मारतात, सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, आणि मग कॅमेऱ्याच्या फ्रेम मोजण्यात, मायक्रोस्कोपखाली तडे बघण्यात, कोड लिहिण्यात आठवडेच्या आठवडे जातात. यात तिला मजा वाटणार असेल तरच पुढे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं विचारलंत ते बरोबरच आहे. पीएचडी धरून दहा-एक वर्षं जातील, पण भारतात जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या फेलोशिपला, महिना 37,000 रुपये मिळतात, अमेरिकेतल्या पीएचडीत बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड असतो. एक अडचण मात्र आत्ताच ऐकून ठेवा, तिकडच्या सरकारी आणि संरक्षण लॅबमधल्या बऱ्याच नोकऱ्या नागरिकत्व असल्याशिवाय मिळत नाहीत. आणि लघुग्रहाचं काम नाहीच मिळालं तरी हेच शिक्षण चिलखतं, गाड्यांची क्रॅश टेस्ट, विमानाच्या इंजिनाची पाती सगळीकडे लागतं, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातच लॅब आहेत.

सध्या गणित पक्कं करून घ्या आणि जेईई मेनसोबत एमएचटी-सीईटीचाही फॉर्म भराच, सीओईपीसाठी ती लागेल. ब्रँचच्या पसंतीक्रमाची यादी करताना मला परत लिहा, आपण एकत्र बसून लावू.