पक्षीही टिकावेत आणि लोकांनाही येता यावं, असं अभयारण्य स्वयंसेवकांना चालवता येईल का?

वस्तीला लागून असलेली तळ्याकाठची पडीक जागा तुम्ही काही जणांनी मिळून पक्ष्यांसाठी राखायला घेतली आहे. लोकांना आत येऊ दिलं तर पक्षी निघून जातील का, आणि सुरुवात कशापासून करावी, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका जागेवर मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमतं. पण एका अटीवर. जागेचा काही भाग कायमचा बंद ठेवायचा, आणि तो तुमच्यासाठीसुद्धा बंद. ही अट पाहुण्यांना सगळेच लावतात, स्वतःला फार थोडे लावतात. रविवारी सकाळी पंचवीस माणसं कोयते-फावडी घेऊन येतात, त्यांना काहीतरी काम द्यावंच लागतं, आणि मग जे दिसेल ते साफ होतं. वठलेलं झाड तोडलं जातं, पाचोळा गोळा होतो, काठावरचं गवत कापलं जातं. फोटोत जागा छान दिसते. पण वठलेल्या खोडातच तांबट आणि सुतार हे पक्षी ढोल्या कोरतात आणि ते गेल्यावर त्याच ढोल्यांत दुसरे पक्षी घर करतात. पाचोळ्यात किडे असतात, आणि ते खायला जमिनीवर चरणारे पक्षी येतात.

टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचंच बघा. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा कुजका ढीग, पाण्यावर तरंगणारा, एखाद्या बुडख्याला नाहीतर लव्हाळ्याला अडकवलेला. माणसाची चाहूल लागली की ती चोचीनं भराभर ओला पाला ओढून अंडी झाकते आणि बुडी मारून लांब निघून जाते. काठावर उभ्या असलेल्याला दिसतो तो निव्वळ कचरा. तळं साफ करायला उतरलेला माणूस तो ढीग उचलून काठावर टाकतो आणि आपण काय टाकलं हे त्याला कळतही नाही. म्हणून विणीच्या काळात पाण्यात कोणीही उतरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून करा. जलपर्णी काढायची ती वीण संपल्यावर, आणि तीही तुकड्या-तुकड्यानं.

झाडोऱ्याच्या बाबतीत सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींची पद्धत मला सगळ्यात पटते. त्यांनी १९६०च्या दशकात घराजवळच्या रानात हातानं तण काढायला सुरुवात केली. त्यांचे नियम तीनच होते. जिथे मूळची झाडं चांगली आहेत तिथून सुरुवात करून तणाच्या दिशेनं सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, आणि उपसलेला भाग पुन्हा पाल्यापाचोळ्यानं झाकायचा. आणि मूळची झाडं मोकळी झालेली जागा जेवढ्या वेगानं भरून काढतील, तेवढ्याच वेगानं पुढे जायचं. आपली सगळ्यांची प्रवृत्ती बरोबर उलटी असते. सगळ्यात वाईट कोपरा निवडून तो आपण एका दिवसात मोकळा करतो, आणि पहिला पाऊस झाला की उघड्या मातीवर तेच तण दुप्पट उगवतं. शिवाय त्या तणाच्या गचपणात जे पक्षी लपत होते त्यांचा आडोसा त्याच दिवशी जातो. पर्यायी झुडूप वाढल्याशिवाय गचपण काढू नका, मग ते कितीही परकं असो.

आता पाहुण्यांविषयी. माणूस नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या अंतरावरून जात असेल तर बरेच पक्षी त्याला सरावतात. तोच माणूस वाट सोडून झुडपात शिरला की उडतात. त्यामुळे वाट एकच ठेवा, ती एका बाजूनं जाऊ द्या आणि पलीकडचा काठ मोकळा सोडा. तळ्याला पूर्ण वेढा घालणारी वाट कधीही करू नका, कारण मग पक्ष्यांना सरकायला बाजूच उरत नाही. वाटेच्या शेवटी चांगलं लपण, म्हणजे लपून पक्षी बघायचा आडोसा, बांधलंत तर लोक आपणहून तिथे बसतात. पोहोचण्याचा रस्ताही कुडानं किंवा झुडपांनी झाकलेला हवा, नाहीतर माणूस लपणात शिरेपर्यंत समोरचं पाणी रिकामं झालेलं असतं.

कुत्र्यांना मात्र पूर्ण मनाई करा, पट्ट्याला बांधलेली असली तरी. यावरून तुमची सगळ्यात जास्त भांडणं होतील, म्हणून आकडे हाताशी ठेवा. सिडनी परिसरातल्या रानवाटांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याला बांधलेली कुत्री फिरवल्यावर तिथे पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसती माणसं चालत गेल्यावरही घट झाली, पण साधारणपणे त्याच्या निम्म्याहून कमी. पाव टाकणं, आवाजाची ध्वनिफीत लावून पक्षी बोलावणं आणि घरट्याचे फोटो काढणं, हेही बंदच.

पैसे थोडे असतील तर ते काठावर खर्च करा. दगडी बांध घातलेल्या तळ्यावर पाणकावळे येतील, पण शेकाट्या किंवा तुतवार असे काठावर चरणारे पक्षी तिथे करणार काय? त्यांना पायाच्या उंचीइतकं पाणी आणि चिखल हवा. एका बाजूचा उतार लांब आणि पसरट केलात की पाणी जसजसं ओसरेल तसतसा ताजा चिखल उघडा पडत जातो.

जागा लहान आहे म्हणून खचू नका. शिकागोत सरोवराच्या काठी माँट्रोज पॉइंट आहे. शीतयुद्धाच्या काळात तिथे लष्कराचा तळ होता आणि बराकी झाकायला झुडपांची रांग लावलेली होती. लष्कर गेलं, ती जेमतेम १५० यार्डांची रांग राहिली. स्थलांतर करून थकलेले पक्षी तिच्यात इतके उतरतात की तिला ‘जादूचं कुंपण’ असं नावच पडलं. त्या परिसरात ३००हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि देखभालीत स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

माणसं टिकवायची तर वृक्षारोपणाच्या गर्दीवर विसंबू नका. रोपं लावायला शंभर येतात, भर उन्हाळ्यात पाणी घालायला चौघे. त्या चौघांच्या सोयीनं कामाचा दिवस ठरवा आणि तो बदलू नका. ज्यांना पक्षी ओळखता येत नाहीत त्यांना नोंदवही, वाटेची डागडुजी, दारावर थांबून लोकांशी बोलणं अशी कामं द्या. दारावरचा माणूस गोड बोलणारा हवा, हे मी पक्ष्यांच्या ज्ञानापेक्षाही वर ठेवीन. पहिलं वर्षभर नुसती नोंद करा: कोणता पक्षी, कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या महिन्यात. बंद भाग कोणता ठेवायचा हे त्या नोंदींवरूनच ठरवता येतं.

आणि जमिनीचा कागद. लंडनमध्ये टॉवर ब्रिजजवळ मालमोटारींच्या जुन्या तळावर १९७७ मध्ये विल्यम कर्टिस इकॉलॉजिकल पार्क उभं राहिलं. शहरी निसर्ग-उद्यानांत ते ब्रिटनमधलं अगदी पहिलं मानलं जातं. पण जागा तात्पुरती मिळालेली होती, आणि १९८५ मध्ये ती मालकाला परत करावी लागली. तुमच्या जागेचा मालक कोण, लेखी करार किती वर्षांचा, आणि तळ्यात येणारं पाणी कुठून येतं, हे कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.