जुन्या पिकअपला रेडिएटरच्या फॅनचा श्राउड कोणता बसेल?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: १९७० चा शेव्हरोले सी-१०, मूळचं सहा सिलेंडरचं इंजिन काढून ३५० व्ही-८ (आठ सिलेंडरचं, व्ही आकाराचं इंजिन) टाकलंय, रेडिएटर नवा आहे, फॅन इंजिनवरच्या बेल्टने फिरणारा. गाडी धावते तोवर ठीक, सिग्नलला थांबली की तापमानाचा काटा चढतो. श्राउड, म्हणजे रेडिएटर आणि फॅन यांच्यामधलं आवरण, मुळात नाहीच, आणि '१९६७ ते १९७२ साठी' असं लिहिलेले तीन वेगवेगळे श्राउड समोर दिसतायत. घ्यावा कोणता?

आत्ता एकही घेऊ नका. त्या लेबलावरचं साल तुमच्या पत्र्याचं, म्हणजे बॉडीचं आहे. श्राउडला पत्र्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला रेडिएटर आणि फॅन यांच्यामधली जागा बरोबर लागते, आणि तुम्ही इंजिन बदललंत तेव्हा नेमकी तीच बदलली. सहा सिलेंडरचं सरळ इंजिन लांब असतं, म्हणून त्याचा फॅन रेडिएटरच्या जाळीच्या जवळ येतो. व्ही-८ आखूड, त्याचा फॅन बहुधा मागे राहतो. त्यात छोट्या ब्लॉकच्या शेव्हरोले इंजिनांना (तुमचं ३५० त्यातलंच) आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे वॉटर पंप येतात, आणि फॅन त्या पंपावरच बसतो. दोन पंपांत सव्वा इंचाच्या आसपास फरक असतो, आणि श्राउडच्या हिशेबात सव्वा इंच म्हणजे पास-नापासाचा फरक.

हे मी चूक करून शिकलोय. माझ्या गाडीला मी सालावरून श्राउड मागवला. बोल्ट सुरेख बसले, दिसायलाही अगदी कंपनीचा वाटला, आणि इंजिन पहिल्यासारखंच तापत राहिलं. महिन्याभराने बॉनेट उघडून नीट पाहिलं तर फॅनची पाती श्राउडच्या तोंडाबाहेर दीड इंच मागे फिरत होती. म्हणजे फॅन इंजिनच्या आजूबाजूची गरम हवाच घुसळत होता. श्राउड नुसता शोभेला.

मुळात श्राउड करतो काय? समजा तुमची जाळी २८ इंच रुंद आणि १७ इंच उंच आहे. क्षेत्रफळ झालं ४७६ चौरस इंच. १८ इंची फॅनचं वर्तुळ भरतं साधारण २५४. म्हणजे उघडा फॅन जाळीच्या जेमतेम निम्म्या भागासमोर फिरतो. चारही कोपऱ्यांतलं गरम पाणी तसंच पुढे जातं, आणि पात्यांच्या टोकांवरून हवा उलटी पुढे येऊन पुन्हा तीच आत ओढली जाते. श्राउड हा एक नरसाळंच समजा. त्याने फॅनची ओढ अख्ख्या जाळीवर पसरते. गाडी वेगात असताना समोरून वारा आपोआप येतो, म्हणून तेव्हा फरक जाणवत नाही. तुमची गाडी उभ्यानेच तापते, त्यामुळे दोष हवेचा आहे असं धरायला हरकत नाही. (तरी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, एकदा तपासून घ्या. ते मागे पडलेलं असेल तरी इंजिन उभ्या उभ्या तापतं. आणि उलट, हायवेवर तापत असती तर मी श्राउडचं नावही काढलं नसतं. थर्मोस्टॅट, तुंबलेली जाळी नाहीतर आत चिमटणारा खालचा पाइप बघायला सांगितलं असतं.)

आता मापं. पण टेप हातात घेण्याआधी दोन ठिकाणचं रबर बघा: इंजिन माउंटिंगचं, आणि रेडिएटरची चौकट चॅसीवर जिथे टेकते तिथलं. पिकअपमध्ये इंजिन चॅसीवर असतं आणि रेडिएटर पुढच्या पत्र्याबरोबर वेगळ्या रबरांवर बसतो. पन्नास वर्षांत ती रबरं चेपतात, रेडिएटर खाली बसतो, आणि फॅनचं केंद्र श्राउडच्या भोकात वर सरकल्यासारखं दिसतं. कुणी बॉडी लिफ्ट केली असेल, म्हणजे बॉडी चॅसीवरून उंच उचलली असेल, तर नेमकं उलटं. रबरं बदलायची असतील तर आधी बदला, मग मोजा. नाहीतर मोजलेलं सगळं वाया.

जाळीची रुंदी-उंची आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर ही मापं सोपी आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. लोक चुकतात ते खोलीत आणि केंद्रात. खोली अशी मोजा: जाळीपासून पात्याच्या पुढच्या कडेपर्यंत किती, आणि मागच्या कडेपर्यंत किती. पातं दोन-अडीच इंच रुंद असेल तर श्राउडच्या तोंडाची कड त्याच्या मधोमध यायला हवी. निम्मं पातं आत, निम्मं बाहेर. थोडं जास्त आत चालेल, दोन-तृतीयांशापर्यंत. पूर्ण आत गेलं तर टोकांवरून बाहेर फेकलेल्या हवेला निघायला वाटच राहत नाही.

केंद्रासाठी पुठ्ठा घ्या, जाळीच्या आकाराचा कापा, जाळीला लावा आणि फॅनच्या मधल्या बोल्टची जागा त्यावर खुणेने उतरवा. ती खूण पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर क्वचितच येते. किती वर-खाली, किती डावी-उजवीकडे ते लिहून ठेवा आणि विकणाऱ्याला चार मापं विचारा: जाळीची रुंदी-उंची, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, खोली आणि केंद्र. सांगता येत नसेल तर तो श्राउड सोडून द्या.

भोकाचा व्यास फॅनपेक्षा दीड-दोन इंच मोठा घ्या, म्हणजे सगळ्या बाजूंनी पाऊण ते एक इंच मोकळं राहील. कमी फट म्हणजे जास्त ओढ, हे खरं. पण श्राउड रेडिएटरला बांधलेला असतो आणि इंजिन आपल्या जागी डुलत असतं. जोरात ॲक्सिलरेटर दिला की व्ही-८ ची डावी बाजू उचलली जाते. माउंटिंगचं रबर फाटलेलं असेल तर ती एवढी उचलते की पातं श्राउडला खातं. फॅनला थर्मल क्लच (तापमानाप्रमाणे फॅन जोडणारा-सोडणारा भाग) असेल तर त्याचा पुढचा भाग आणि जाळी यांच्यातही इंचभर जागा ठेवा.

प्लॅस्टिक की पत्रा, यावर लोक वाद घालतात. मी प्लॅस्टिकचा घेईन. पातं लागलंच तर प्लॅस्टिक तुटतं. पत्रा आत वाकून पाती आणि जाळी दोन्ही घेऊन जातो. वरचा-खालचा असा दोन तुकड्यांचा मिळाला तर तोच घ्या, कारण फॅनचं काम करताना अख्खा श्राउड काढायची वेळ येत नाही. जाळी आणि श्राउडच्या कडेमध्ये फोमची पट्टी लावा. तिथली फट राहिली तर फॅन हवा तिथूनच चोरतो.

बसवल्यावर बॅटरीची तार काढा आणि फॅन हाताने पूर्ण फिरवून बघा. मग श्राउडच्या आतल्या कडेला, वर-खाली-डावी-उजवी अशा चार ठिकाणी, मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे बोटाच्या पेराएवढे गोळे चिकटवा. तार जोडा, बॉनेट लावा आणि एक चक्कर मारा: दोन-तीनदा जोरात पळवा, एकदा रिव्हर्समध्ये चढावर. परत येऊन इंजिन बंद करा आणि गोळे तपासा. एखादा कापलेला दिसला तर श्राउडला करवत लावण्याआधी त्या बाजूचं माउंटिंग बघा.

चार मापं इथे लिहिलीत तर तुमच्या त्या तिघांतला कोणता जमेल, किंवा एकही नाही, ते सांगेन.