परसदारी चेरी लावताना

प्रश्न : गुहागरला समुद्राच्या अगदी जवळ आमचे घर आहे. घर आणि पूर्वेकडचा चिऱ्याचा गडगा यांच्यामध्ये पंधरा फूट रुंद व पंचवीस फूट लांब परसू आहे. त्याच्या उत्तर टोकाला माड आहे आणि दक्षिणेला न्हाणीचे पाणी मुरते. ‘ठेंगणी चेरी’ या नावाने विकले जाणारे कलम येथे लावावे का, आणि लावल्यास नेमके कोठे?

उत्तर : पैसे देण्यापूर्वी ते कलम कोणत्या चेरीचे आहे, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. काश्मीर आणि हिमाचलातून येणाऱ्या गोड चेरीचे ते असेल, तर घेऊ नये. त्या झाडाचा ठेंगणेपणा मुख्यतः खुंटामुळे, म्हणजे ज्या मूळ रोपावर कलम बांधतात त्याच्यामुळे, येतो; जर्मनीत तयार झालेल्या ‘गिसेला ५’सारख्या खुंटावर बांधलेले कलम जेमतेम आठ-दहा फूट वाढते. शिवाय ‘स्टेला’सारखी जात परागीभवनासाठी दुसऱ्या झाडावर अवलंबून नसते, त्यामुळे लहान बागेसाठी ती आदर्श वाटते. परंतु खुंट झाडाची उंची कमी करतो, त्याची थंडीची गरज मात्र कमी करत नाही. गोड चेरीच्या बहुतेक जातींना फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालील सुमारे ८०० ते १२०० तास मिळावे लागतात, आणि आपल्या किनाऱ्यावर पौषातल्या पहाटेही पारा तेवढा उतरत नाही. झाड कदाचित जगेल, पण फळ देणार नाही.

रोपवाटिकांमध्ये ‘वेस्ट इंडियन चेरी’ किंवा ‘बार्बाडोस चेरी’ म्हणून मिळणारे झाड मात्र आपल्या हवेत उत्तम येते. ते वेगळ्याच कुळातले असून त्याचे फळ आंबटगोड असते. गोड चेरीची चव त्यात शोधू नये. ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र ते आवळ्यालाही मागे टाकते. छाटणी केल्यास ते सहा-सात फुटांवर राखता येते. बियांपासून केलेल्या रोपाऐवजी, फळाची खात्री असलेल्या झाडाची गुटी, म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप, घ्यावे.

आता जागेविषयी. आपले परसू घराच्या आडोशाला आहे, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण या झाडाची मुळे उथळ असल्याने पावसाळी वाऱ्यात ते सहज कलंडते आणि खाऱ्या वाऱ्याने त्याची पाने करपतात. न्हाणीची बाजू पूर्णपणे वर्ज्य समजावी, कारण साचलेले पाणी त्याला अजिबात सोसत नाही. माडापासूनही दहा-बारा फूट दूर राहावे. माडाच्या तंतुमुळांशी अन्नपाण्यासाठी स्पर्धा होतेच, शिवाय झावळ पडून कोवळे झाड मोडलेले मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून परसवाच्या मध्यावर, गडग्यापासून पाच-सहा फूट आत आणि पागोळ्यांच्या माऱ्यापासून दूर जागा धरावी. घराची सावली दुपारनंतर पडेल, तरी सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे.

पुळणीजवळच्या रेताड जमिनीत सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म कृमी, या झाडाच्या मुळांना फार त्रास देतात. त्यासाठी दोन फुटांच्या खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत भरपूर घालावे आणि रोप जमिनीपासून वीतभर उंचवट्यावर लावावे. जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर लागवड करून लगेच काठीचा आधार द्यावा. फूल आल्यापासून तीन-चार आठवड्यांत फळ पिकते. ते दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही, आणि बुलबुल आपल्या आधी हजर होतात, म्हणून रंग भरताच फळे रोज सकाळी तोडावीत.