बोलविता धनी कोण?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्स, ७४ टक्के. तिला बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची पदवी) करून जाहिरात क्षेत्रात जायचंय. माझ्या मते जाहिरात आणि प्रोपगंडा एकच, लोकांना गंडवण्याचे धंदे. आमच्या प्रभागातल्या एका इच्छुकाच्या माणसाने तिला विरोधकाची टिंगल करणाऱ्या रील्सचं काम देऊ केलं होतं; निनावी पेज, रोख पैसे. ती नाही म्हणाली, पण या लाइनीत हेच चालतं ना? तिने बीकॉम करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तिच्या मामाला आणि मावशीलाही तिला समजवायला सांगितलंय, माझं नाव न घेता.
– एक पालक, ऐरोली

उत्तर : टक्क्यांचं नंतर बघू. मी अडकलो तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. मामा ठाण्याहून ‘सहज’ फोन करणार, मावशी ‘सहज’ विषय काढणार आणि पोरीला वाटणार, सगळं घर आपापल्या डोक्याने एकाच मतावर आलंय. बोलविता धनी मात्र एकच. साहेब, ज्याला तुम्ही नाकं मुरडता तो प्रोपगंडा तुमच्याच घरात सुरू आहे. हेतू चांगला आहे म्हणाल, तर तो करणाऱ्या प्रत्येकाला आपला हेतू चांगलाच वाटतो. मामा-मावशीला आजच थांबवा आणि सांगणारा मीच होतो, हे तिला सांगून टाका. चिडेल. चिडू दे.

आता तुमचा गैरसमज. खोटं बोलतो तो प्रोपगंडा, असं नसतं. जाहिरातही धडधडीत खोटी असू शकते आणि प्रोपगंडा निवडक खऱ्या गोष्टींवर झकास चालतो. बघायचं ते हे, की बोलतोय कोण आणि त्याला जाब विचारता येतो का. साबणाच्या जाहिरातीवर कंपनीचं नाव असतं, पुढच्याच पानावर दुसरा साबण असतो. दावा खोटा वाटला तर तक्रार करायला १९८५ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभुलीला १० लाखांपर्यंत दंडही ठेवलाय. विधानसभा-लोकसभेच्या प्रचारपत्रकावरसुद्धा मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. सीमारेषा पुसट होते, हे खरंच. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींनी भररस्त्यात सिगारेटी पेटवल्या आणि स्त्रीस्वातंत्र्याच्या बातम्या झाल्या. ते घडवून आणलं होतं जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेजने, अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी. विकायची सिगारेटच होती, फक्त विकणारा दिसत नव्हता.

असलं काम तिच्याकडे पुन्हा येईल, अधिक पैसे घेऊन येईल. पण हातात येणारी रोकड बारावीतल्या मुलीने नाकारली, आणि तुम्ही ते तीन शब्दांत उरकून पुढे गेलात! मी तिचा बाप असतो तर आधी विचारलं असतं, नाही का म्हणालीस? तिच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल. पेज कोणाचं, पैसे कोणाचे, हे खणून काढण्यातच तिला जास्त रस असेल तर जाहिरातीपेक्षा पत्रकारितेचा किंवा कायद्याचा विचार करा.

बीएएमएमसीत जाहिरात हा विषय घेता येतो. चित्रकलेत हात चालत असेल तर मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला (जाहिरातीसाठीची चित्रकला आणि मांडणी) शिकता येते, त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. आणि बँकेची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. तेव्हा बीकॉमचा हट्ट कशासाठी?